आप्पांचा जुना नंबर

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, आणि बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागायला लागले. मायचा ओटीपी दादाच्या मोबाईलवर आला, तिथवर सगळं सुरळीत. पुढच्या पानावर आप्पांचा आधार नंबर टाकला. स्क्रीनवर 'ओटीपी पाठवला आहे' असं आलं, पण आप्पांचा मोबाईल काही वाजला नाही. साइटवर गर्दी असेल म्हणून वहिनीने रात्री जागून बघितलं, पहाटे उठून बघितलं. दिवाळीला मी माहेरी पोचले तेव्हा हे काम माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं. जळगावला राहणारी आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी म्हणजे मला सगळं येतं, असा आमच्या घरात समज आहे.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. मोबाईलला रेंज चांगली आहे, त्यामुळे रेंजला दोष देऊन सुटता आलं नाही. आधारच्या साइटवर आधार नंबर तपासायची सोय आहे. तिथे वयाचा गट, राज्य आणि जोडलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते आकडे वाचले तशी वहिनी म्हणाली, "हा तर आप्पांचा जुना नंबर!"

जुन्या नंबरची गोष्ट अशी. आप्पांच्या मोबाईलमध्ये दोन सिम होती. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा आप्पांनी घरात जाहीर केलं, "दोन दोन रिचार्ज कशाले? पैसा काय झाडले लागतस का?" नव्या सिमला नेट चांगलं चालायचं, म्हणून ते ठेवलं आणि जुनं मरू दिलं. असं खेड्यापाड्यात हजारो घरांत झालं असेल. त्यात चुकीचं काही वाटत नाही, कारण सिम बंद पडलं की विषय संपला असंच सगळे धरून चालतात.

विषय संपत नाही. तीन महिने नंबर वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते. त्यानंतर किमान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, आणि मग नव्या गिऱ्हाईकाला देऊन टाकतात. नंबर दुसऱ्याच्या नावावर होतो, पण बँक, आधार, गॅस, पीएम किसान या सगळ्यांच्या दप्तरी तो आप्पांचाच राहतो. जमीन विकून टाकली आणि सातबाऱ्यावर फेरफार लावलाच नाही, तसं. एकीकडची नोंद बदलली की दुसरीकडची आपोआप बदलेल, असं मोबाईलच्या बाबतीतही होत नाही.

मी त्या नंबरवर फोन लावला. रिंग गेली आणि एका तरुण पोराने उचलला. शहाद्याकडचा होता. मी नाव-गाव सांगून म्हटलं, "भाऊ, हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांना सांगा, कापसाचे पैसे जमा झालेत. परवाच मेसेज आला."

मी खरंच गार पडले. आप्पांच्या खात्यात पैसे कधी आले, किती आले, कधी काढले, हे सगळं त्या पोराला महिनोन्महिने कळत होतं. आम्हाला मात्र पासबुकावर एन्ट्री मारून आणल्याशिवाय कळत नव्हतं. बँकेचे मेसेज येत नाहीत याचं आप्पांना काही वाटलंच नव्हतं, "मेसेज कोन वाचस?" हे त्यांचं उत्तर.

पोरगा बिचारा वैतागला होता. शेतीच्या औषधाच्या दुकानातून उधारीसाठी फोन त्याला. गॅसचा नंबर लागला, सिलेंडर निघालं, हेही त्यालाच. नवीन नंबरवर यूपीआय चालू करायला गेला, तर अ‍ॅपने त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी बँक खातं दाखवलं. "मी हात लावला नाही ताई, घाबरून अ‍ॅपच काढून टाकलं," म्हणाला. मी त्याचे आभार मानले ते मनापासून, कारण यातली मेख मला माहीत आहे. यूपीआयचा पिन ठरवायला एटीएम कार्ड लागतं, पण त्याऐवजी आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी असाही रस्ता आहे. त्यासाठी बँकेत आणि आधारला एकच नंबर जोडलेला असावा लागतो. आप्पांचा दोन्हीकडे हाच नंबर होता. म्हणजे त्या पोराच्या हातात आप्पांच्या आधारची एक झेरॉक्स पडली असती तर? आणि आप्पांच्या आधारच्या झेरॉक्स तालुक्यात किती ठिकाणी पडल्या असतील याचा हिशेब देवसुद्धा लावू शकणार नाही.

बोलता बोलता तो जरा चाचरत म्हणाला, "एक सांगू का? तुमच्या भाऊबंदांच्या ग्रुपमध्ये मी होतो."

हे ऐकून वहिनी हसून हसून खाली बसली. झालं होतं असं की सिम मेल्यावरही आप्पांचं व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरवरच चालू होतं. एकदा नंबर तपासून झाला की व्हॉट्सअ‍ॅपला सिम मोबाईलमध्ये असण्याची गरज पडत नव्हती. मग त्या पोराने नव्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं तेव्हा आप्पांचं बंद झालं. पुतण्याने "हँग झालं असेल" म्हणत नव्या नंबरवर सुरू करून दिलं. पण ग्रुपमध्ये जुना नंबर तसाच राहिला, आणि प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो 'आप्पा' नावाने सेव्ह. आमच्या भाऊबंदकीत बांधावरच्या निंबाच्या झाडावरून जे काय चाललंय, त्याची सगळी ऑडिओ क्लिप त्या पोराने ऐकली. आप्पा ग्रुपमध्ये गप्प बसलेत याचा अर्थ चुलत्यांनी आप्पा नाराज आहेत असा काढला होता. पोरगा शेवटी आपणहून बाहेर पडला, तर 'आप्पा रागाने ग्रुप सोडून गेले' यावर आणखी एक क्लिप आली. ती आमच्यापर्यंत पोचली होती. आम्हीही आप्पांना विचारलं नव्हतं. आपल्याकडे विचारतो कोण!

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागाने असा आदेश काढला, की ज्या नंबरवर मेसेजिंग अ‍ॅप आहे ते सिम मोबाईलमध्ये चालू असलं पाहिजे. त्यावर पुष्कळ लोक चिडले. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत, पण आमच्या घरचा तमाशा पाहिल्यावर मला तो आदेश अगदीच वेडगळ वाटला नाही.

मग मी शेताच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर यादी केली. जुना नंबर कुठे कुठे असेल? आधार, दोन बँका, गॅस, पीएम किसान, शेतकरी ओळख क्रमांक, वीजबिल, विम्याची पॉलिसी, ट्रॅक्टरचं आरसी बुक. यात क्रमही महत्त्वाचा. आधारचा नंबर बदलल्याशिवाय पुढचं बहुतेक काही हलत नाही, कारण बाकी सगळे आधारलाच ओटीपी पाठवतात.

आधारचा मोबाईल नंबर बदलायला तेव्हा कागद लागत नव्हता, माणूस लागत होता. म्हणून भाऊबीज झाल्यावर आप्पांना घेऊन अमळनेरच्या केंद्रावर गेलो. ऑक्टोबर २०२५ पासून या कामाची फी ७५ रुपये झाली आहे, आधी ५० होती. पोस्टमनकडूनही घरबसल्या हे काम होतं, पण आमच्या गावच्या पोस्टमनकडे तेव्हा यंत्र नव्हतं. केंद्रावर गर्दी सगळी बायकांची आणि सगळ्यांचं दुखणं तेच. कुणाच्या नवऱ्याचा नंबर बंद, कुणाच्या स्वतःच्या आधारला कुठलाच नंबर नाही. एक विधवा बाई फॉर्म हातात घेऊन प्रत्येकाला विचारत होती, "नवराच नही त्याना ओटीपी कोठून आनू?" खिडकीतल्या माणसाकडे तेव्हा तिला द्यायला उत्तर नव्हतं.

रांगेत उभं राहून मला राहूनराहून गंमत वाटत होती, की याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली आणि पुढे तिची विप्रो झाली. देशातल्या बड्या आयटी कंपनीचं जन्मगाव हे, आणि इथल्या माणसाला आपला नंबर आपला आहे हे सिद्ध करायला अंगठा घासावा लागतोय.

घासावा लागतोय हे अक्षरशः. आप्पांनी अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं, मग कोरड्या. बोट दाबून ठेवा, सैल ठेवा, तिरकं ठेवा. आप्पांच्या बोटांवर रेषा उरल्या आहेतच कुठे? चाळीस वर्षं नांगर, विळा, कापूस वेचणी, वर युरियाची गोणी. हाताचा पंजा पाहिला तर वाळलेल्या मातीला भेगा पडाव्यात तशा आडव्याउभ्या चिरा, आणि बोटांची टोकं मात्र गुळगुळीत. दहाही बोटं झाली. ऑपरेटर समजूतदार होता, त्याने डोळ्यांचं यंत्र काढलं. आप्पांनी डोळे एवढे विस्फारले की मागच्या बायका हसल्या. बुबुळाने काम झालं. पावती मिळाली, आणि आठवडाभरात नव्या नंबरवर आधारचा पहिला ओटीपी आला. आप्पांनी तो मेसेज सगळ्यांना दाखवत फिरायला सुरुवात केली, तेव्हा ओटीपी म्हणजे काय आणि तो का दाखवायचा नाही, हा वर्ग घ्यावा लागला.

बँकेत वेगळाच अनुभव. अर्जासोबत आधारची प्रत द्यायची होती. मी मास्क केलेलं आधार छापून नेलं होतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. हे सरकारच्याच साइटवरून मिळतं. खिडकीतल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे झेरॉक्सवाल्याने खराब काढलंय, दुसरं आणा." मी समजावलं. त्या वरिष्ठांकडे गेल्या, परत आल्या. "साहेब म्हणतात पूर्ण नंबर लागेल." वाद घालायचं माझ्या मनात होतं, पण आप्पांना भर उन्हात परत आणायचं नव्हतं. पूर्ण आधार दिलं. त्यावर आडवी रेघ मारून 'फक्त मोबाईल नंबर बदलण्यासाठी' आणि तारीख लिहिली. त्याचा कायद्याने किती उपयोग होतो हा मुद्दा वेगळा, पण ती झेरॉक्स दुसऱ्या कामाला वापरताना माणसाला निदान लाज तरी वाटेल.

सरकारचंही या बाबतीत एक मत नाही. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क केलेलं द्या. दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं; लोक गैरसमज करून घेतील म्हणे. मग खिडकीतल्या बाईंना मी काय दोष देणार?

एक प्रश्न मात्र मी विचारला. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलंय, की कायमचे बंद झालेले नंबर कोणते याची सरकारी यादी आहे, ती वापरून खातेदारांचे नंबर तपासा. यूपीआयसाठीही ती यादी दर आठवड्याला बघायची असं ठरलंय. मग आप्पांचा नंबर बंद होऊन दुसऱ्याला गेला तरी मेसेज तिकडेच का जात राहिले? बाई म्हणाल्या, "ते वरून होतं." वरून म्हणजे कुठून हे विचारायच्या आत मागच्या माणसाने आपलं पासबुक पुढे सरकवलं होतं.

गॅस, पीएम किसान, वीजबिल ही कामं मोबाईलवरून भराभर झाली. दुसऱ्या बँकेत तर एटीएमवरच नंबर बदलता आला.

खरी गोष्ट बघायला मिळाली ती गावाजवळच्या सेवा केंद्रात. मायची ई-केवायसी आम्ही घरीच पूर्ण केली, पण शेतकरी ओळख क्रमांकाचं काम तिथे होतं म्हणून गेलो. टेबलावर बायकांचे मोबाईल ओळीने मांडून ठेवलेले, सगळ्यांचे लॉक काढलेले. पोरगा एकेक आधार टाकतो आणि ज्या मोबाईलचा आवाज येईल त्यातला ओटीपी स्वतःच वाचतो. नाही दिसला तर ओरडतो, "अनुक्रमांक सात, ओटीपी सांगा!" आणि मावशी दारातून सहा आकडे मोठ्याने सांगतात. शेजारी एक लांबुळकी वही. नाव, आधार नंबर, मोबाईल, आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड. बहुतेकांचा पासवर्ड एकच, त्या केंद्राच्या नावाचा. कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं, त्यात वरपासून खालपर्यंत आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड यांचे फोटो. त्याने आप्पांची फाईल शोधण्यासाठी डाऊनलोडचं फोल्डर उघडलं तेव्हा मी पाहिलं, अर्धा तालुका तिथे होता.

आणि डाऊनलोड केलेल्या आधारला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नये. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही त्या वहीत लिहिलेलं होतं.

त्या पोराला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. रात्री बारापर्यंत बसतो, सरकारी साइट बंद पडली की लोकांच्या शिव्या खातो, आणि तो नसता तर आमच्या गावातल्या निम्म्या बायकांना १५०० रुपये दिसले नसते. पण मोबाईल आपलं बोलणं ऐकतो का, अमुक कंपनी आपला डेटा अमेरिकेला नेते का, या गप्पा मी ऑफिसात डबा खाताना रोज ऐकते. शहरात त्या ठीक आहेत. आमच्या गावाला धोका त्या लांबुळक्या वहीचा आहे, आणि ती वही उद्या रद्दीत गेली तर कुणाला कळणारही नाही. मी एवढंच म्हटलं, "दादा, आप्पांचे कागद माझ्यासमोर डिलीट कर." त्याने केले. मग "रिसायकल बिनमधूनही काढ" म्हटलं, तर हसून म्हणाला, "ताई, पहिल्यांदा कुणी सांगतंय." व्हॉट्सअ‍ॅपमधला फोटो मी आधीच आप्पांच्या मोबाईलवरून 'सर्वांसाठी हटवा' केला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरवर उतरलेली प्रत त्याने पुसली तरच पुसली जाते.

घरी आल्यावर आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचा विषय काढला. तिथे महाभारत झालं.

हे लॉक आधारच्या अ‍ॅपवरून किंवा साइटवरून फुकट होतं. एकदा लावलं की अंगठा, बुबुळ, चेहरा यांनी कुणीच तुमच्या नावाने व्यवहार करू शकत नाही. अंगठा लावून पैसे काढायची जी पद्धत आहे, तिच्यात ना ओटीपी लागतो ना पिन. बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोट, बस. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात. बोटाच्या ठशाची नक्कल करून लोकांची खाती रिकामी केल्याच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात, आणि खरेदीखत केलेल्या माणसाचा ठसा तर दस्तावर असतोच.

आप्पा म्हणाले, "मन्हा अंगठा, मन्हा पैसा. मीच कुलूप लावू?" त्यांचाही मुद्दा होता. बँक तालुक्याला, आणि गावातला बँकमित्र अंगठ्यावर पैसे देतो. लॉक लावलं तर दर वेळी अ‍ॅपमधून ते उघडायचं, दहा मिनिटांत पैसे काढायचे, तोवर ते पुन्हा आपोआप बंद. सत्तरीच्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, रोज करणं नाही. शिवाय रेशन! रेशन दुकानातही अंगठाच लागतो. दोघांचंही लॉक केलं तर गहू-तांदूळ कसा आणायचा, हा मायचा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच आधी सुचला नव्हता.

शेवटी तोडगा निघाला तो मायच्याच डोक्यातून. रेशन तीच आणते, आणि कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा चालतो. मग तिचा उघडा राहू दे. तिच्या खात्यात असतं तरी किती! आप्पांच्या खात्यात कापसाचे, केळीचे पैसे येतात, तेव्हा त्यांचा बंद. त्यांना एटीएम कार्ड आहेच, चार आकडे पाठ करायला दादा शिकवेल. घरात एक अंगठा उघडा आणि एक बंद, असं ठरलं. आधारवाल्यांच्या कुठल्या माहितीपत्रकात हे सापडायचं नाही.

लॉक लागलं की नाही हे तपासायला आप्पा दुसऱ्या दिवशी मुद्दाम बँकमित्राकडे गेले. अंगठा लावला, यंत्राने ३३० नंबरची चूक दाखवली. म्हणजे बायोमेट्रिक बंद आहे. परत येऊन मोठ्या थाटात म्हणाले, "मन्हाच अंगठा मालेच नही चालना!" तेव्हापासून ते ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतात.

त्या ओट्यावरची मतंही ऐकण्यासारखी आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी सरकारने प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच टाकून द्या असं कंपन्यांना सांगितलं, डिसेंबरच्या सुरुवातीला ओरड झाली, आणि दोन-तीन दिवसांतच ते मागे घेतलं. त्यावर एक जिभाऊ म्हणाले, "आपलं काय शे लपाडासारखं? दोन बिघा जमीन नि चार ढोरं." दुसरे म्हणाले, आज अ‍ॅप टाकतील, उद्या वाचतील. मला विचारलं, तर मी सांगितलं की संचार साथीची साइट मी स्वतः वापरते, अ‍ॅप टाकायचीही गरज नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत ते तिथे दिसतं, हरवलेला मोबाईल बंद करता येतो. चांगली सोय आहे. पण चांगली सोय माणसाने स्वतः घ्यावी. न विचारता मोबाईलमध्ये घालून दिली की संशय येणारच. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय, आणि तो हक्क दोन बिघावाल्यालाही आहे. जिभाऊ म्हणाले, "कोर्टात चांगलं शे, आमना वहीत नाव शे त्यानं काय?" त्यांनाही त्या सेवा केंद्राची वही माहीत होती तर!

आप्पांच्या नावावरची सिम त्या साइटवर बघितली, तर जुना नंबर यादीत नव्हता. म्हणजे कंपनीच्या लेखी तो केव्हाच सुटला होता. एक अनोळखी नंबर निघाला, पण तो पुतण्याचा. अठरा पूर्ण व्हायच्या आत सिम पाहिजे होतं म्हणून आप्पांच्या आधारवर घेतलेलं. चुलत्यांना सांगून ते त्याच्या नावावर करायला लावलंय, निंबाच्या झाडाचा विषय न काढता.

हे सगळं चालू असताना वहिनीने सहज म्हणून स्वतःचं आधार तपासलं. शेवटचे तीन आकडे तिच्या नंबरचे नव्हते. डोकं खाजवलं, तर ते तिच्या भावाचे. लग्नाआधी आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाईल होता, तो भावाकडे. म्हणजे आजही वहिनीच्या आधारचा प्रत्येक ओटीपी शिरपूरला जातो. तिला काही करायचं झालं तर आधी भावाला फोन करायचा, तो शेतात असेल तर थांबायचं, आणि कशासाठी पाहिजे हे सांगायचं. मायचा ओटीपी दादाकडे, वहिनीचा तिच्या भावाकडे. माझं स्वतःचं पाहिलं, तर लग्नानंतर नाव बदलताना मी माझा नंबर घातला होता, म्हणून सुटले. शेजारच्या चार घरांत विचारलं, तर एकाही बाईच्या आधारला तिच्या हातातल्या मोबाईलचा नंबर नव्हता. बायकांनी आपल्या पैशाची माहिती स्वतःकडे ठेवावी असं भाषणात म्हणतात. पण आलेल्या पैशाचा मेसेज आधी घरातल्या पुरुषाला जातो आणि मग त्याच्या मनात आलं तर तिला.

दादाला हे पटेना. "माझ्याकडे आला काय, तिच्याकडे आला काय, घरातच आहे ना? उगाच ७५ रुपये कशाला घालवायचे?" आप्पा दादाच्या बाजूने बोलतील असं मला वाटलं होतं. पण त्या शहाद्याच्या पोराने त्यांना चांगलंच शिकवलं होतं. ते म्हणाले, "ज्यानं आधार, त्याना नंबर." मायने लगेच पाठीमागून सांगितलं की मग तिचाही नंबर बदलायचा. तिच्याकडे मोबाईल नाही हे दादाने दाखवून दिलं. "मग घे ना," माय म्हणाली.

दादाला साधा बटणाचा मोबाईल घ्यावा लागला. ओटीपी त्यावरही येतो, आणि कुणी एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप घालणारी फाईल, पाठवून त्यात काही घुसवू शकत नाही, म्हणून तोच घे असं मी सांगितलं होतं. बाजाराच्या दिवशी माय आणि वहिनी दोघी अमळनेरला गेल्या. वहिनीचं काम झालं. मायचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला, हे तिने आप्पांना दोनदा ऐकवलं. शहाद्याच्या पोराला आता फक्त आमच्या विम्याच्या हप्त्याचा मेसेज जातो. ते ऑफिस धुळ्याला आहे, आणि तिथे पॉलिसीचा मूळ कागद मागतात. तो कुठल्या पेटीत आहे ते अजून सापडायचंय.